पोच द्या, तारीख घाला

आमच्या तालुक्याचे नाव संगमेश्वर, पण त्याचा कारभार चालतो देवरूखातून. तहसील कार्यालय इथे, पंचायत समिती इथे. साखरप्याकडून, माखजनकडून, आंगवलीकडून सकाळच्या एसटीने माणसे देवरूखच्या स्थानकात उतरतात ती कापडी पिशवी छातीशी धरूनच. पिशवीत रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि कुणाकुणाचे रोजगार हमीचे जॉबकार्ड, भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलेले. ते जॉबकार्ड उघडून आतली पाने बघा. मी पाहिलेल्या अनेक कार्डांवर वर्षानुवर्षांत एकही नोंद नाही. काम नाही, आणि काम दिले नाही म्हणून कायद्याने द्यायचा बेरोजगार भत्ताही नाही.

हे दुखणे काय आहे ते वाडीवाडीला ठाऊक आहे, त्यामुळे ते नव्याने सांगत बसत नाही. भत्ता नेमका कुठे अडतो, एवढेच मांडायचे आहे. सगळे म्हणतात, सरकारकडे पैसे नाहीत. पण आपल्या भत्त्याचा कागद तिजोरीपर्यंत पोहोचतोच कुठे? तो पहिल्याच टेबलावर थांबतो. तिथे एक पोचपावती द्यायची असते, ती दिली जात नाही. पुढचे सगळे मुद्दे त्या एका पावतीभोवती फिरतात.

१. आधी कायदा काय सांगतो ते स्वच्छ पाहू. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचे सातवे कलम असे आहे : मजुराने कामाची मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर तो रोजच्या बेरोजगार भत्त्याला पात्र होतो. पहिल्या तीस दिवसांसाठी हा भत्ता मजुरीच्या किमान पाव, आणि त्यापुढे त्या आर्थिक वर्षात किमान निम्मा. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी मजुरीचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे आधी रोजचे ७८ रुपये, मग रोजचे १५६. भत्ता देय झाला की पंधरा दिवसांत हातात पडला पाहिजे. देणे शक्य झाले नाही, तर त्याची कारणे लेखी कळवायची आणि फलकावर लावायची, हेही कायद्यातच आहे. असा फलक तुमच्यापैकी कुणी कधी पाहिला आहे? मी विचारले त्यांपैकी एकानेही पाहिलेला नाही. या भत्त्याला कुणी अनुदान म्हणू नये, मेहेरबानी म्हणू नये. काम देण्याचा शब्द मोडल्याबद्दल सरकारने आपल्याला द्यायचे ते देणे आहे.

२. आता हे देणे बुडते कसे, ते जवळून पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये भात झोडून झाले, पेंढा रचून झाला आणि माझ्या ओळखीच्या एका काकींच्या हाताला काम उरले नाही. १० नोव्हेंबरला मी त्यांच्याबरोबर त्यांच्या ग्रामपंचायतीत गेलो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण एका गावावर बोट ठेवले की बाकीची सुटतात. कामाच्या मागणीचा अर्ज, म्हणजे नमुना ४, आम्ही घरूनच भरून नेला होता. पंधरवड्यानंतरपासून शंभर दिवस काम हवे असे त्यात लिहिले होते. काकींनी सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. टेबलामागच्या माणसाने अर्ज वाचला आणि म्हणाला, “काकी, आत्ता काही काम नाही. काम आलं की मीच फोन करतो.” अर्ज खणात गेला. मी पोच मागितली. तो म्हणाला, “पोच कशाला? मी काय गाव सोडून चाललोय?”

तो उर्मट नव्हता. त्याने आम्हाला बसवले, चहा मागवला. अडचण नेमकी तीच आहे. ज्याच्याकडे उद्या दाखल्याला जायचे, घरपट्टीची पावती घ्यायला जायचे, ज्याची बायको आपल्याच बचत गटात आहे, त्याच्याशी एका कागदासाठी वाद कसा घालायचा? काकींनी माझी बाही ओढली आणि आम्ही निघालो.

डिसेंबरात गेलो तेव्हा संबंधित माणूस तालुक्याला गेलेला. पुन्हा गेलो तेव्हा, “तो अर्ज सापडत नाही, दुसरा लिहून द्या.” दुसरा लिहिला, त्याचीही पोच नाही. जानेवारीत सांगण्यात आले की एकट्यादुकट्यासाठी काम उघडता येत नाही, दहा माणसे घेऊन या. नवे काम काढायला किमान दहा मजूर लागतात, ही अट खरी आहे. पण मजुरांनी एकेकट्याने मागणी करावी आणि ते दहा जण गोळा करणे, काम आखणे हे यंत्रणेने करावे, अशी कायद्याची रचना आहे. दहा माणसे जमवून आणण्याचे ओझे बावन्न वर्षांच्या बाईवर टाकायचे कुणी ठरवले?

हिशेब मांडून पाहा. १० नोव्हेंबरचा अर्ज पोच देऊन घेतला असता, तर २६ नोव्हेंबरपासून भत्ता सुरू झाला असता. पहिले तीस दिवस ७८ रुपयांनी २,३४० रुपये. त्यापुढे २६ डिसेंबरपासून १६ फेब्रुवारीपर्यंतचे त्रेपन्न दिवस १५६ रुपयांनी ८,२६८ रुपये. मिळून १०,६०८ रुपये, तेही कायद्यातल्या किमान दराने. कोकणातल्या एका घराची पावसाळ्याची बेगमी त्यात होते. कौले चाळायची मजुरी निघते, तेलाचा डबा येतो, सुकी मासळी भरून ठेवता येते. खणात गेलेल्या त्या एका कागदाची किंमत एवढी होती.

३. आपण मात्र असे समजतो की निदान संगणकावर तरी सगळे खरे असेल. भत्ता देय झाला का, हे संगणकप्रणाली स्वतःच मोजते. मोजायला ती मागणीची तारीख धरते. मग ती तारीखच कशी भरली जाते ते पाहा. आधी काम मंजूर होते, मजूर ठरतात, मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, निघायची वेळ येते, आणि तेव्हा त्या मजुरांची ‘मागणी’ संगणकावर चढते. मजुराने तीन महिन्यांपूर्वी तोंडाने मागितलेले काम, कागदावर मागितलेले काम, यांतले काहीच तिथे उमटत नाही. देशभर या योजनेचा अभ्यास करणाऱ्यांनी हा उलटा क्रम पुन्हा पुन्हा नोंदवला आहे. याचा परिणाम असा की अहवालात मागणी आणि पुरवठा जवळजवळ जुळतात, भत्ता देय असलेल्यांचा रकाना रिकामा दिसतो, आणि वर बसलेला अधिकारी प्रामाणिकपणे समजतो की इथे बेकारी नाही. ज्या बाईची मागणी नोंदलीच गेली नाही, ती सरकारच्या लेखी बेकारच नसते.

४. असे का होते? माणसे वाईट आहेत म्हणून होते, असे मला वाटत नाही. कारण पैशाच्या वाटणीत आहे. २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरीचा पैसा केंद्राने द्यायचा, बेरोजगार भत्ता मात्र राज्याने आपल्या खिशातून द्यायचा, असे ठरले. हेतू चांगला होता. भत्त्याचा भुर्दंड बसू नये म्हणून राज्य तातडीने काम काढेल, अशी अपेक्षा होती. घडले उलटे. भुर्दंड टाळायचा सोपा मार्ग सापडला : मागणीच नोंदवू नका.

आणि हे कुठल्या राज्यात घडते? ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली, त्या राज्यात. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला, तलाव खणायला उतरली, तेव्हा या विचाराची ताकद दिसली. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम न दिल्यास रोजचा किमान एक रुपया भत्ता, अशी तरतूद त्या कायद्यातही होती. एक रुपया तेव्हाही थोडाच होता. पण सरकारने लेखी कबूल केले होते की काम देता आले नाही, तर आम्ही तुमचे देणेकरी.

त्यासाठी पैसा कुठून आला, हे देवरूखातल्या प्रत्येक पगारदाराने लक्षात ठेवावे असे आहे. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला तो रोजगार हमीसाठी. आजही शिक्षकाच्या, लिपिकाच्या, बँकेतल्या कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. फेब्रुवारीच्या पगारपत्रकावर तो ३०० चा आकडा दिसेल. कर भरणारा पगारदार आणि काम मागणारी मजूर बाई, या दोघांना एका कराराने बांधले होते. एकाने पन्नास वर्षे आपली बाजू न चुकता पाळली. मग दुसऱ्या टोकाला पैसे पोहोचले का, हे विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्याला नाही का? भत्त्याचा प्रश्न फक्त मजुरांचा आहे असे म्हणणारा पगारदार आपल्याच पैशाचा हिशेब सोडून देतो आहे.

५. “कोकणात मजूरच मिळत नाहीत. रोहयोवर कोण येणार?” हे वाक्य कचेरीत ऐकू येते, सभेत ऐकू येते, आपल्याच ओटीवरही ऐकू येते. यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे. चिऱ्याच्या खाणीवर, गवंड्याच्या हाताखाली, आंब्याच्या बागेत फवारणीला धडधाकट पुरुषाला रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या, दरापेक्षा पुष्कळ जास्त हजेरी मिळते. तो ३१२ रुपयांसाठी येणार नाही, हे उघड आहे. पण वाडीत मागे कोण राहते? पन्नाशीच्या बायका, पाठीने अधू झालेले गडी, लहान मूल कडेवर असलेली सून, वाडीवर येणाऱ्या टेम्पोपर्यंत पोहोचू न शकणारी माणसे. त्यांना साखरप्याच्या पलीकडे खाणीवर कोण बोलावते? रोहयोतले पाच किलोमीटरच्या आतले काम ही त्यांच्यासाठी नुसती सोय नाही. त्यांना कमावता येईल असे दुसरे काही नाहीच.

आणि कामे नाहीत असे कुणी म्हणू नये. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात एप्रिल उजाडला की वाड्यांना टँकर लागतात. पऱ्यांवर दिवाळीनंतर लगेच बंधारे घातले तर पाणी थांबते. गाळाने भरलेल्या विहिरी उपसायच्या आहेत, वाहून गेलेल्या पाखाड्या बांधायच्या आहेत, दरडींच्या खाली गटारे काढायची आहेत. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर काजू-आंबा उभा राहिला. आज ज्यांच्या घरात काजूबीचे पैसे येतात, त्यांतल्या कितीतरी बागांचे खड्डे रोहयोच्या मस्टरवर खणले गेले आहेत. तेव्हा मजूर मिळाले होते ना?

मागणी नोंदवायची नाही, मग मागणी नाही म्हणून कामांचा आराखडा लहान करायचा, आराखडा लहान म्हणून काम नाही, आणि काम मिळत नाही म्हणून पुढच्या वर्षी कुणी मागायलाही येत नाही. हे चक्र फिरवून झाल्यावर ‘कोकणी माणसाला नको आहे’ असे म्हणणे हा त्या माणसावर दुहेरी अन्याय आहे.

६. काम मिळाले त्यांचेही सुख फार दिवसांचे नाही. मजुरी मस्टर संपल्यापासून पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे. उशीर झाला तर रोज ०.०५ टक्के भरपाई. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये. त्यावर दिवसाची भरपाई होते सुमारे ९४ पैसे. सोळाव्या दिवसापासून महिनाभर पैसे अडकले तरी २८ रुपये. तेवढ्यात गावाहून देवरूखला येऊन पैसे का आले नाहीत, हे विचारायचे जाण्या-येण्याचे भाडेही निघत नाही. केंद्राच्या पातळीवर झालेल्या विलंबाचीही भरपाई द्यावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले होते. ज्या विलंबाचा दंड दिवसाला एक रुपयाही भरत नाही, तो विलंब थांबवण्याची घाई कुणाला असणार?

७. वाडीवर परतलेल्या चाकरमान्याचे काय? काकींचे यजमान मुंबईत एका कारखान्यात होते. २०२० च्या टाळेबंदीत कारखाना थांबला, ते गावी आले आणि परत बोलावणे आले नाही. त्यांच्या पगारातून राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची वर्गणी वर्षानुवर्षे कापली जात होती. या विमाधारकांसाठी १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. नोकरी गेली की नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या पंचवीस टक्के, आयुष्यात एकदा. २४ मार्च २०२० पासून हे प्रमाण पन्नास टक्के केले गेले, नव्वद दिवस थांबण्याची अट तीस दिवसांवर आली, आणि मालकाच्या मार्फत न जाता थेट शाखा कार्यालयात दावा करण्याची मुभा मिळाली. पाहा, इच्छा असली की अटी किती झटपट सैल होतात!

पण त्यांना हे कळले २०२३ मध्ये, एका लग्नात, कुणाच्या तरी बोलण्यातून. शिवाय कारखान्याने निघताना एका कागदावर सही घेतली होती. तो राजीनामा होता. हजारो कामगारांकडून अशा सह्या घेतल्या जातात. कागदोपत्री तो माणूस मग स्वतःहून नोकरी सोडून गेलेला ठरतो, आणि स्वतःहून सोडणाऱ्याला बेकारीचा लाभ कुठला? चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी येतो तेव्हा आपण त्याच्याकडून मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी घेतो. त्याच वेळी त्याला एवढे विचारायला हवे : तुझा विमा क्रमांक कुठे लिहून ठेवला आहेस, आणि सुटताना कशावर सही केलीस? ही विचारपूस न करणारे गाव त्याची वर्गणी घ्यायला मात्र हक्काने जाते.

८. तरुणांच्या बाबतीत तर उघड दिशाभूल चालली आहे. ‘महाराष्ट्र बेरोजगारी भत्ता, दरमहा ५,००० रुपये, आजच अर्ज करा’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. सुशिक्षित बेकारांना दरमहा असा सरसकट भत्ता देणारी योजना या राज्यात नाही. सेवायोजन कार्यालयाच्या महास्वयम् संकेतस्थळावर नोंदणी होते. ती नोकरीसाठी इच्छुक म्हणून झालेली नोंद असते, तिच्यावर पैसे मिळत नाहीत. तरीही पोरे अर्ज भरून घ्यायला शंभर-दोनशे रुपये मोजतात आणि आधार, बँक खाते, ओटीपी अनोळखी माणसांच्या हाती देतात. एवढ्या वर्षांत याचा ठळक, गावोगावी पोहोचणारा खुलासा का झाला नाही?

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने, नंतर ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. आपल्या भागातली मुलेही शाळांत, ग्रामपंचायतींत, कचेऱ्यांत रुजू झाली. विद्यावेतन महिनोन्महिने रखडल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. रोज हजेरी लावणाऱ्या मुलाने विचारले की पैसे कुठे अडले आहेत, तर एक कचेरी दुसरीकडे आणि दुसरी पोर्टलकडे बोट दाखवते. ज्या दाव्याला क्रमांक आणि तारीख नसते, त्याचा माग काढायचा तरी कसा?

परदेशातही यंत्रणा कोलमडतात. २०२० मध्ये अमेरिकेत बेकारी भत्त्याच्या अर्जांनी संगणक बंद पडले, न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी जुनी संगणकभाषा जाणणाऱ्यांना मदतीसाठी जाहीर साद घातली. लोकांनी आठवडेच्या आठवडे वाट पाहिली. पण मंजूर झालेल्याला मागच्या आठवड्यांचेही पैसे मिळाले, कारण दावा कुठल्या आठवड्यापासूनचा, हे लिहिलेले होते.

९. देवरूख शहराच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी यांतले काहीच नाही, हेही सांगायला हवे. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा ग्रामीण भागापुरता आहे आणि देवरूखची नगरपंचायत झाली आहे. रस्ता ओलांडला की ग्रामपंचायत, अलीकडे नगरपंचायत. पलीकडच्या बाईला निदान कागदावर हक्क आहे, अलीकडच्या बाईला तोही नाही. दोघी एकाच काजू कारखान्यात हंगामी कामाला जातात आणि एकाच दिवशी घरी बसतात. महाराष्ट्राच्या १९७७ च्या योजनेत ‘क’ वर्ग नगरपालिकांचे क्षेत्रही धरलेले होते. केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी स्वतंत्र रोजगार योजना सुरू केल्या. ज्या राज्याने हा हक्क जन्माला घातला, त्याने लहान गावांचे शहर झाले म्हणून तो काढून घ्यावा, याचे समर्थन होऊ शकत नाही.

१०. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या रोजगार हमीची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. दिवस शंभरावरून १२५ झाले, राज्याच्या डोक्यावर खर्चाचा चाळीस टक्के वाटा आला, आणि शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद झाली. बेरोजगार भत्त्याचे कलम त्यातही आहे आणि त्याचा भार राज्यावरच आहे. आता मजुरीतही राज्याचा वाटा वाढला, तेव्हा मागणी न नोंदवण्याचा मोह वाढेल की घटेल? दिवसांच्या आकड्यावरून टाळ्या आणि घोषणा होतील. आपण मात्र एवढेच विचारत राहिले पाहिजे की अर्जाची पोच मिळणार आहे का. पोच नसेल तर १२५ हा आकडाही जॉबकार्डाच्या त्या कोऱ्या पानांवरच राहील.

११. मग करायचे काय? तीन गोष्टी सांगतो. त्यांना नवा कायदा लागत नाही.

पहिली गोष्ट सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी करायची आहे. कामाच्या मागणीचे आवक रजिस्टर वेगळे ठेवा, पानांना क्रमांक घाला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला नमुना ५ ची तारखेसह पोच द्या. अर्ज अपुरा असेल तर काय अपुरे आहे ते लिहून द्या. १ मेच्या ग्रामसभेत ते रजिस्टर मोठ्याने वाचून दाखवा : किती जणांनी मागितले, किती जणांना मिळाले, कुणाचे किती दिवस उलटले. ज्या ग्रामरोजगार सेवकावर आपण सगळे ओझे टाकतो, त्याचे मानधनही वेळेवर होत नाही म्हणून त्यालाच आंदोलने करावी लागतात, हेही सभेत बोलले जाऊ द्या. त्याला एकट्याला दोषी धरून काहीच सुटणार नाही.

दुसरी गोष्ट तालुक्याने करायची आहे. महाराष्ट्रात तहसीलदार हे या कायद्याखालचे कार्यक्रम अधिकारी आहेत आणि तक्रारीचा निकाल सात दिवसांत लावायची जबाबदारी कायद्याने कार्यक्रम अधिकाऱ्यावर टाकली आहे. महिन्यातून एक दिवस ठरवून मागणीचे अर्ज थेट देवरूखात स्वीकारावेत, आणि ज्या गावातून वर्षभर एकही मागणी आली नाही, त्या गावाला तालुक्याने स्वतः जाऊन विचारावे. शून्य मागणी ही शाबासकीची गोष्ट समजू नये. ती चौकशीची गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट आपली, म्हणजे लिहितावाचता येणाऱ्या सगळ्यांची. कॉलेजात जाणारी मुले, निवृत्त शिक्षक, बचत गटांच्या सचिव, ज्यांना नमुना ४ भरता येतो त्यांनी वाडीतल्या चार जणांचे अर्ज भरून द्यावेत. दोन प्रती काढाव्यात, दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठू नये. ग्रामपंचायतीने नाकारले तर अर्ज कार्यक्रम अधिकाऱ्याकडे देता येतो, कायद्यात तशी सोय आहे. तिथे जाणे जमत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. एकट्या बाईला पोच मागताना संकोच वाटतो. शेजारी आणखी दोघे उभे असले की ती मागते.

१६ फेब्रुवारीला, सोमवारी, आम्ही तेच केले. काकी, त्यांच्या वाडीतल्या आणखी सहा बायका, दोन गडी आणि शेजारच्या वाडीतली एक सून, असे दहा अर्ज घेऊन देवरूखला आलो. प्रत्येकाच्या दोन प्रती. आवक क्रमांक पडला, शिक्का बसला, शिक्क्याखाली निळ्या शाईत तारीख आली. काकींनी तो कागद उन्हात धरून पाहिला आणि घडी न घालता जॉबकार्डाच्या आत ठेवला. पंधरावा दिवस ३ मार्चला येतो, ऐन शिमग्यात. तोवर काम निघाले तर दहाही जण घमेली-फावडी घेऊन हजर राहतील. नाही निघाले, तर ४ मार्चपासून प्रत्येकाचे ७८ रुपये रोज मोजायला आम्ही सुरुवात करू, आणि देय झाल्यापासूनचे पंधरा दिवस संपले की तो हिशेब घेऊन सगळे पुन्हा सकाळच्या एसटीने देवरूखला येऊ.